पलंगाखालचा, माळ्यावरचा आणि आजीकडचा

टिक्.

दुपार होती. खारू नुकतीच झोपली होती, म्हणजे घरात श्वाससुद्धा चपला काढून घ्यायची वेळ. नळ घट्ट बंद, फोनचा गळा दाबलेला, दारावर ‘बेल वाजवू नये’ अशी चिठ्ठी. आणि त्या शांततेत कपाटावरून, कुणी नखाने ठोकावं तसा आवाज आला. टिक्. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा, टिक्.

पाल नव्हती. घड्याळही नव्हतं, घड्याळ इतका विचार करून वाजत नाही. खारूची आई अर्धवट घडी घातलेला फ्रॉक हातात धरून तशीच उभी राहिली. खारू व्हायच्या आधी ती एका मोठ्या कचेरीत साठवणुकीची यंत्रं सांभाळायची, त्यामुळे हा आवाज तिच्या ओळखीचा होता. हार्ड डिस्क शेवटाला आली की असं करते. आतली सुई ठरलेल्या जागी जाते, जागा सापडत नाही, परत येते, पुन्हा जाते. म्हाताऱ्या माणसाने एकाच खोलीत पुन्हापुन्हा येऊन ‘मी कशाला बरं आलो होतो’ म्हणावं, तसं.

आणि त्या डिस्कमध्ये अप्पा होते.

अप्पा म्हणजे तिचे वडील, खारूचे आजोबा. जाण्याच्या आदल्या वर्षी त्यांना फोनवर आवाज भरून ठेवण्याचा नाद लागला होता. नातीसाठी म्हणून सुरुवात झाली, पण नातीला तेव्हा मानही धरता येत नव्हती, त्यामुळे अप्पांना विषयांचं बंधन उरलं नाही. बुटाची नाडी कशी बांधावी. आज आभाळ कसं आहे. खालच्या पाण्याच्या टाकीबद्दल इमारतीच्या कमिटीचं काय चुकतं. एका ठिकाणी तर नुसत्या शिंकाच होत्या, आणि शेवटी समाधानाने म्हटलेलं, “झालं.”

तिने डिस्क उतरवली, फ्रॉकमध्ये गुंडाळून मांडीवर घेतली, आणि लॅपटॉपला जोडून एकेक आवाज काढून घेऊ लागली. तापलेल्या पोराच्या उशाशी बसावं तशी बसली. मध्येच टिक् व्हायचं, की ती श्वास रोखायची. सगळ्यात शेवटी शिंका उतरल्या. “झालं,” अप्पा म्हणाले, आणि डिस्क गप्प झाली, ती कायमची.

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? दुसरी डिस्क आणली असती. खारूचे बाबा हेच म्हणाले. ते विमा कंपनीत नुकसानीची पाहणी करायचे, दिवसभर लोकांची जळलेली, भिजलेली, चोरीला गेलेली घरं बघून यायचे आणि म्हणून घरात त्यांना काहीही घडलेलं चालत नसे.

“दुसरी घे की. फार तर दोन घे.”

“दोन नाही. तीन,” ती म्हणाली. “आणि डिस्क नाही, तीन मशिनं. जुनी, स्वस्तातली. प्रत्येकात सगळं असणार. एक बंद पडलं तरी उरलेल्या दोघांवर काम चालू. कचेरीत आम्ही हेच करायचो, फक्त तिथली मशिनं फ्रीजएवढी होती.”

“आणि बंद पडलं हे कळणार कुणाला?”

“त्यांचं त्यांना. सारखी एकमेकांना विचारत राहणार, ‘आहेस का?’ उत्तर येणार, ‘आहे.’ उत्तर आलं नाही, की उरलेली दोघं मत देतात. दोघांचं एकमत झालं, की तिसरं मेलं असं ठरवायचं आणि पुढे चालू लागायचं.”

“आणि ते मेलेलं नसलं तर? नुसती वायर निघाली असली तर? आमच्याकडे अशी भांडणं वर्षानुवर्षं चालतात.”

“इथे भांडण नाही. एकट्या पडलेल्याने वाद घालायचाच नाही. त्याला दुसऱ्यांचा आवाज येत नाही, म्हणजे ते दोघं गेले की आपण गेलो, हे त्याला कळायला मार्ग नसतो. म्हणून एकटं पडलं, की आपणच गेलो असं समजायचं आणि गप्प बसायचं.”

टेबलाशी आजी वाटाणे सोलत बसली होती. आजी, म्हणजे खारूच्या आईची आई, याच इमारतीत तळमजल्यावर राहायची. अप्पा गेल्यापासून एकटीच. तिच्या हातातली शेंग अर्धी उघडून तशीच राहिली.

“यंत्रांनासुद्धा हाच नियम का गं?” आजी म्हणाली.

 खारूच्या बाबांना अचानक वाटाण्यांत फार रस वाटू लागला आणि त्यांनी सोललेलेच वाटाणे पुन्हा सोलायला घेतले.

जुन्या संगणकांचं दुकान एका पुलाखाली होतं. आत शिरल्यावर डोळ्यांना काही दिसेना, नुसता वास, तापलेल्या धुळीचा. दुकानदाराने तिच्यापुढे मशिनं आणून ठेवली, ती स्थळं दाखवायला आणल्यासारखी.

“हे बघा ताई, शाळेतलं. सुट्ट्यांमुळे कमी वापरलेलं. हे प्रवासी कंपनीतलं, कंपनी बुडाली, मशीन तरंगलं. आणि हे दवाखान्यातलं.”

“चालू आहे?”

“झोपलंय.”

“म्हणजे बंद आहे.”

“बंद वेगळं, झोपलेलं वेगळं. उठवणाऱ्यावर आहे.” त्याने बटण दाबलं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली: कृपया बसून घ्या. आपले नाव पुकारले जाईल.

दुकानात तिच्याशिवाय दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. तरी तिने एकदा मागे वळून बघितलं. मग तिन्ही मशिनं घेतली, घासाघीस न करता, आणि याबद्दल तिला घरी बरंच ऐकून घ्यावं लागलं.

पुढचे कित्येक दिवस तिचं आयुष्य खारूच्या झोपेच्या मापाने कापलेलं होतं. खारू झोपली की ही स्क्रू काढणार, खारू कुशीवर वळली की ही स्क्रू तोंडात धरून पुतळा होणार. शाळेतल्या मशिनातून खडूची पूड निघाली. दवाखान्यातल्या मशिनाचा पंखा फिरताना हुंदका द्यायचा, त्याला तेल दिल्यावर हुंदका गेला आणि उसासा आला. अखेर तिघं एका वायरीने जोडली गेली, दिवे लुकलुकायला लागले, आणि पडद्यावर पहिल्यांदा ती ओळ आली: तिन्ही हजर. तिला इतका आनंद झाला की तिने खारूला झोपेतून उठवलं. आईपणाच्या कारकिर्दीत हा गुन्हा तिच्या हातून पहिल्यांदाच घडला.

तिन्ही मशिनांना घरात ‘डबे’ हे नाव खारूने दिलं. एक पलंगाखाली, एक माळ्यावर, आणि तो उसासा टाकणारा चपलांच्या फळीवर. खारूने पलंगाखालच्या डब्याला पांघरूण घातलं. तो तापला. पांघरूण काढून घेतलं तर त्याला भूक लागली असेल म्हणून तिने जाळीतून बिस्कीट चारलं. मग मुंग्या आल्या. मग एक दिवस दुपारी त्याचा पंखा थांबला आणि पडद्यावर उमटलेलं आईने मोठ्याने वाचलं: दोघांच्या मते एक मृत.

“कोण मृत?” खारूने विचारलं. तिला नवीन शब्द ऐकू आला की त्याचा पत्ता लागेपर्यंत चैन नसे.

“कुणी नाही गं. पलंगाखालचा जरा... थांबलाय.”

मुंग्या झटकल्या, बिस्किटाचा चुरा काढला, बटण दाबलं. डबा घरघरत उठला, बाकी दोघांनी त्याला मधल्या वेळेतलं सगळं सांगून टाकलं, आणि तिन्ही हजर झाली. खारूने टाळ्या वाजवल्या आणि ‘मृत’ म्हणजे बटण दाबलं की उठणारं, अशा विश्वासाने आईकडे बघितलं. संध्याकाळी आईने आज्ञावलीत जाऊन ‘मृत’ शब्द पुसला आणि तिथे ‘गैरहजर’ असा शब्द घातला. शाळेतल्यासारखा. पोरांच्या घरात कसं, शब्दांचे कोपरे घासूनच ठेवावे लागतात.

खारूच्या बाबांची तक्रार निराळीच. “हे सगळं नीट चाललंय हे आम्हा पामरांना कळायचं कसं? दिवे काय, चोराच्या घरीही लुकलुकतात.”

म्हणून तिने आणखी एक सोय केली. रोज चहाच्या वेळेला साठवलेल्यांपैकी एक आवाज आपोआप वाजायचा. आवाज आला, म्हणजे सगळं शाबूत. आणि नियम असा घातला, की नवीन येऊन दाखल झालेली वस्तू असेल तर ती आधी वाजवायची, कारण नव्याचीच खात्री करायची असते. नवीन काही नसेल तर जुन्यातलं कुठलंही. अशा रीतीने अप्पा रोज चहाला येऊ लागले. दिवे लागायच्या आधीची, घरात सावल्या लांबलेल्या असतात ती वेळ. दूध उतू जाईल म्हणून ती ओट्याशी उभी असायची आणि पलंगाखालून आवाज यायचा, “आज आभाळ जरा संशयास्पद आहे.” पहिल्या दिवशी दूध उतू गेलंच.

इथवर सगळं एका घरात होतं. पण वरच्या मजल्यावर एक निवृत्त प्राध्यापक राहत. त्यांनी आयुष्यभर भूकंप शिकवले होते आणि आता ऐकायला विद्यार्थी उरले नव्हते. ते डबे बघायला आले, भिंतीवर टकटक केलं आणि खेदाने मान हलवली.

“एका छपराखाली तीन ठेवलेत, म्हणजे एकच ठेवला. घर गेलं की तिन्ही गेले.”

“घर कुठे जाईल, सर?”

“सगळे हेच म्हणतात,” प्राध्यापक म्हणाले. “आदल्या दिवशी.”

एवढं ऐकल्यावर कुणाला झोप येईल? दुसरी इमारत कुठून आणणार, म्हणून निदान दुसऱ्या घरात, असं म्हणत चपलांच्या फळीवरचा डबा तळमजल्यावर आजीकडे न्यायचं ठरलं. आजीने तो अप्पांच्या खुर्चीशेजारी ठेवून घेतला, खाली जुनी सतरंजी घातली, आणि “माझ्याकडेही आवाज येऊ दे,” म्हणाली. तिच्याकडे एक छोटा स्पीकर लावला. डब्यावर चिकटपट्टीने कागद लावला: कधीही बंद करू नये. आजीने तो चष्मा लावून वाचला. “मी घरात असेन तोवर चालूच राहील,” ती म्हणाली. यात काही खोच असेल असं तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही.

आधी अडचण निघाली ती वायरीची. वायर जिन्यातून न्यायची, म्हणजे कमिटीची परवानगी हवी. कमिटीचे चिटणीस नियमांचं पुस्तक काखेत घेऊन पाहणीला आले. नेमके चहाच्या वेळी.

“वहिनी, जिन्यातून नेण्याच्या वस्तूंत कपड्यांची दोरी आहे, वायर नाही,” ते खुर्चीच्या कडेवर टेकत म्हणाले. “आणि ज्या वस्तूसाठी वायर, ती वस्तू कशात बसते? आमच्याकडे कुंड्या, वाद्यं आणि पाळीव प्राणी, एवढेच वर्ग आहेत.”

“तो डबा आहे, आवाज साठवायचा. असे तीन आहेत.”

“म्हणजे वाद्य?”

“वाजवायचा नाही, जपायचा.”

“दिवसरात्र चालू? अंग गरम? मधूनच आवाज करतो?” चिटणिसांनी पुस्तकात बोट घातलं. “प्राणीच. तीन प्राणी. चावत नाहीत ना?”

याच कमिटीपुढे पाण्याच्या टाकीवरून अप्पा सतत भांडले होते. चिटणीस अप्पांच्या अंत्यविधीलाही आले होते, आणि तिथे खांद्यावर हात ठेवून “मोठा माणूस गेला” असं म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर दुःखाखाली थोडी सुटका दिसली होती. तर ते ‘प्राणी’ असं लिहीत होते, आणि पलंगाखालून, खाकरून, आवाज आला.

“चिटणीस आलेत का? बसा म्हणावं त्यांना. टाकीचं काय झालं ते विचार.”

पेन जागच्या जागी थांबलं. चिटणिसांनी पलंगाकडे बघितलं. मग तिच्याकडे. मग खारूकडे, जी बिस्कीट खात होती आणि जिला यात काहीच विशेष वाटलं नव्हतं.

“आजोबा आहेत,” खारूने ओळख करून दिली. “आजीकडे पण आहेत. माळ्यावर पण.”

खारूच्या आईने सगळं समजावून सांगितलं, जुनं रेकॉर्डिंग, चाचणी, सगळं. चिटणीस “हो, हो, समजलं,” म्हणत होते आणि उलट्या पावलांनी दाराकडे सरकत होते. परवानगी त्यांनी जिन्यातच उभ्याने लिहून दिली. त्या आठवड्यात टाकीही साफ झाली. अप्पांना हयातीत जे जमलं नव्हतं ते त्यांनी आता करून दाखवलं, आणि आजी दोन दिवस अभिमानाने वावरली.

मग एक दिवस चहाच्या वेळेनंतर आजी वर आली. ओले हात पदराला न पुसताच आलेली.

“ती आजची एक आहे ना,” आजी म्हणाली, “ती पुसून टाक.”

“कुठली?”

“ऐक म्हणजे कळेल. मी नाही ऐकणार पुन्हा.” आणि ती गॅलरीत जाऊन उभी राहिली.

खारूच्या आईने या वेळी कान लावून ऐकलं. अप्पांचा आवाज, बारीक, शेवटच्या दिवसांतला. “अगं, इकडे ये ना जरा.” लांबून, ओट्याकडून, आजीचा आवाज: “आले, थांबा जरा. हात भरलेत.” मग भांड्यांचे आवाज. अप्पांचा श्वास. पुन्हा भांडी. पुन्हा श्वास. अप्पा थांबले होते. आजी आली नाही. मग फोन ठेवल्याचा आवाज, आणि संपलं.

तिने ते पुसलं. अप्पांची शिंकही जिवापाड जपणाऱ्या तिच्या बोटांना ते जड गेलं, पण पुसलं. आजीला म्हणाली, “गेलं. आता कधी वाजायचं नाही.” आजी मान हलवून खाली गेली.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी पलंगाखालून आवाज आला. “अगं, इकडे ये ना जरा.”

तिच्या हातातून गाळणी पडली.

आजी वर आली. दारातच उभी राहून तिने लेकीकडे बघितलं. लेकीने पुन्हा पुसलं, या वेळी मोठ्याने सांगत पुसलं, साक्षीदार असावा म्हणून प्राध्यापकांना बोलावून पुसलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा. “अगं, इकडे ये ना जरा.” त्याच स्वरात, तेवढाच धीर धरून. जणू पुसण्याबिसण्याचं त्यांच्या कानावरच आलेलं नाही.

आता इमारतीला विषय मिळाला. समोरच्या काकू म्हणाल्या, “डब्याचं तोंड भिंतीकडे करून बघा. माणूस तोंड फिरवलेलं ओळखतो.” प्राध्यापक म्हणाले, मोठ्या धक्क्यानंतर छोटे धक्के येतच राहतात, त्यांना अडवू नये. चिटणीस जिन्यात भेटले तर भिंतीला लागून जात आणि “तुमचे सगळे बरे?” असं विचारत. सगळे म्हणजे कोण, हे विचारायचं धाडस तिला झालं नाही.

तिची लाज वेगळीच होती. कचेरीत फ्रीजएवढी मशिनं जिच्या इशाऱ्यावर चालत, तिला घरातली एक हाक पुसता येत नव्हती. आणि लाजेच्या खाली आणखी एक गोष्ट होती, ती तिने कुणाला सांगितली नाही. भर उन्हाच्या दुपारी खारू झोपली, घर निःशब्द झालं, की ती पलंगाखालच्या डब्याकडे पाठ करून बसत नसे. आजी तर सुकत चालली होती. चहा ओतून ठेवायची आणि प्यायची नाही. डबा बंद करून टाकू का, असं विचारलं तर “नको, उद्या दुसरं काही बोलले तर?” म्हणायची. तेवढी एक हाक तिला आतून कुरतडत होती, आणि ती थांबवणं आपल्या हातात असून थांबत नव्हतं, हे खारूच्या आईला बघवेना.

शेवटी खारूचे बाबा एका सुट्टीच्या दिवशी बाह्या सारून बसले. “माझ्या पद्धतीने बघू. घटनेच्या वेळी कोण कुठे होतं?”

“कुठली घटना?”

“पुसण्याची. पलंगाखालचा?”

“हजर.”

“माळ्यावरचा?”

“हजर.”

“आजीकडचा?”

तिने जुन्या दिवसांच्या नोंदी पडद्यावर आणल्या, आणि बघतच राहिली. “गैरहजर.”

“दुसऱ्या वेळी?”

“गैरहजर.” पुढची उत्तरं द्यायची गरज पडली नाही. दरवेळी तोच. खालच्या डब्याचे दिवे विझत, त्यानंतर थोड्याच वेळात ती इकडे पुसत असे, आणि नंतर तो डबा परत उठत असे.

“आई घर सोडताना काय करतात?” खारूच्या बाबांनी विचारलं, पण विचारायची गरजच नव्हती. आजी आयुष्यभर घराबाहेर पाऊल टाकताना भिंतीवरची झाडून सगळी बटणं बंद करत आली होती. पंखा, दिवा, इस्त्री आणि आता डबा. हाक ऐकली की ती वर यायला निघायची, घर सोडतेय म्हणून बटणं बंद करायची, वर येऊन “पूस” म्हणायची, इकडे दोन डब्यांतून आवाज पुसला जायचा, आणि आजी खाली जाऊन इमानेइतबारे डबा चालू करायची. त्या डब्याला बिचाऱ्याला काय माहीत? त्याच्यापाशी हाक होती, बाकीच्यांकडे नव्हती. त्याला वाटायचं, यांच्याकडून हरवली. लगेच सगळ्यांना परत द्यायचा. आणि परत आलेली वस्तू म्हणजे नव्याने दाखल झालेली, म्हणजे दुसऱ्या दिवशी तीच आधी वाजणार.

“मोठ्या कचेरीत याची सोय नसते?” खारूच्या बाबांनी अगदी मऊपणे विचारलं, आणि म्हणूनच ते जास्त लागलं.

“असते,” ती म्हणाली. “पुसलेल्याचीही खूण ठेवतात. गैरहजर असलेला परत आला की त्याला खूण दाखवायची, ‘हे आता नाही’ म्हणून. आपल्याकडची ती खूण मीच काढून टाकली. म्हटलं, जागा कशाला अडवा. आपल्या घरात पुसणार कोण?”

 खारूच्या बाबांनी उठून चहाचं आधण ठेवलं. नवऱ्याने आपणहून चहा ठेवणं म्हणजे त्या घरात शोकसंदेशच.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती लॅपटॉप आणि खारू यांना घेऊन तळमजल्यावर गेली. आजीच्या खोलीत ऊन जाळीतून येऊन अप्पांच्या खुर्चीवर चौकोन चौकोन पडलं होतं. डबा हळू उसासत होता. तिने आजीला सगळं समजावलं. बटणांचं सांगताना आजीचा चेहरा पडला.

“म्हणजे मीच परत परत आणत होते?”

“तू नाही गं. माझीच चूक. आता तिन्ही चालू आहेत, तू घरातच आहेस. एकदा पुसलं की कायमचं जाईल.” तिने पुसायच्या बटणावर बोट ठेवलं. “पुसू?”

“थांब,” आजी म्हणाली. “वाजू दे. मग पूस.”

चहाच्या वेळेपर्यंत तिघी बसून राहिल्या. खारू सतरंजीच्या दशा विणत होती. बाहेर कुणीतरी जिना उतरून गेलं. उन्हाचे चौकोन खुर्चीवरून भिंतीवर चढले. आणि डब्याचा उसासा एक क्षण थांबल्यासारखा झाला.

“अगं, इकडे ये ना जरा.”

“आले, थांबा जरा,” लांबून आजीचा जुना आवाज म्हणाला. “हात भरलेत.”

आजी उठली. गुडघ्यावर हात दाबत उठली, खुर्चीला वळसा घालून डब्यापाशी गेली आणि सतरंजीवर खाली बसली. भांड्यांचा आवाज सुरू झाला, तिचाच, दुसऱ्या कुठल्या दुपारचा. तिने डब्याच्या गरम पाठीवर तळवा ठेवला.

“आले हो,” आजी म्हणाली. “काय म्हणत होतात?”

श्वास. भांडी. श्वास. ओट्याकडची आजी स्वतःशी गुणगुणत होती, तिच्या हातांना घाई नव्हती. इकडची आजी डोकं डब्याजवळ नेऊन ऐकत होती. अप्पा थांबले होते. खारूच्या आईला क्षणभर, अगदी मनापासून, वाटून गेलं की आता ते पुढे काहीतरी म्हणतील. मग फोन ठेवल्याचा तो एक छोटा आवाज आला, आणि डबा पुन्हा नुसताच उसासू लागला.

आजीने हात काढला नाही.  खारूच्या आईचं बोट अजून पुसायच्या बटणावरच होतं. पडद्यावर लिहिलेलं होतं, तिन्ही हजर.

खारू दशा सोडून उठली, आजीच्या पाठीला टेकून उभी राहिली आणि वाकून डब्याच्या जाळीतून आत बघू लागली.

“आई,” ती हळूच म्हणाली, “आजी आली, हे आजोबांना कोण सांगणार?”